एनंतान?

‘एनंतान?’ म्हणजे ‘काय म्हणतोय?’ हा कानडी प्रश्न मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय, की अजूनही एखाद्या सभेत वक्त्याने लांबण लावली की कुणीतरी कानाशी तेच कुजबुजतंय असं वाटतं. प्रश्न विचारायची माझी आई, आणि ज्या जागी तो विचारायची ती जागा म्हणजे आमच्या गावच्या माळावर दरसाल उभा राहणारा सिनेमाचा तंबू. आईला कानडी येत नव्हतं. आलं ते एवढंच.

निपाणी आणि चिकोडी यांच्या मधल्या पट्ट्यातलं आमचं गाव. तंबाखूचं. माघ-फाल्गुनात गावात पाहुणा आला तर आधी शिंकायचा आणि मग रामराम घालायचा, इतका खकाणा हवेत असे. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे अक्का राहायची. तिचं माहेर विजापूरकडचं. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा गंध नव्हता. तिचे मालक एसटीत कंडक्टर. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ती आईपेक्षा वयाने लहान, पण सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून आईही अक्काच म्हणे, आणि अक्का आईला ‘वैनी’ म्हणे. भिंतीत एक कोनाडा होता. तो कधीकाळी आरपार पडला आणि कुणीच बुजवला नाही. त्यातून इकडची आमटी तिकडे आणि तिकडची शेंगाचटणी इकडे येत असे.

पावसाळा सरला, दिवाळी झाली की टूरिंग टॉकीजचा ट्रक यायचा. दोन दिवसांत माळावर तंबू उभा. एका बाजूला ऑइल इंजिन, त्याच्यापुढे प्रोजेक्टरची पत्र्याची खोली, दुसऱ्या टोकाला पडदा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि शेंगदाणेवाला फिरून जायचा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचे. त्या कांड्या जळून अंतर वाढलं की पडद्यावर पिवळट अंधारून यायचं, आणि मागे बसलेली माणसं ऑपरेटरच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. ही चौकशी मात्र नेहमी मराठीतच होत असे. शिव्यांच्या बाबतीत आमच्या गावात भाषेचा वाद कधी झाला नाही.

संध्याकाळी भोंग्यावर गाणी सुरू व्हायची. शेवटची देवाची रेकॉर्ड लागली की तिकीट सुरू झालं असं समजायचं. बसायला पुढे जमीन, मग बाकडी, मग थोड्या लोखंडी खुर्च्या. जमिनीवर चाळीस पैसे. बायकांची बाजू वेगळी, मध्ये कनात. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या बाजूला बसता येई, आणि माझ्या सिनेमाच्या शिक्षणाची सगळी सोय या एका नियमामुळे झाली. रात्रीच्या वेळी बायकांनी एकट्यादुकट्याने माळावर जायचं नाही, सोबत पुरुष माणूस पाहिजे. घरातला पुरुष तर यायला तयार नसे. मग मी. आठ वर्षांचा, हातात कंदील, अंगात मोठ्या भावाचा स्वेटर, असा तो पुरुष माणूस पुढे चालत असे.

वडील मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक. सिनेमा म्हणजे बिघडण्याची वाट, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी स्वतः खुशीने मला एकच सिनेमा दाखवला, ‘श्यामची आई’. तोही शाळेच्या रांगेतून. अत्र्यांच्या या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं होतं, आणि ते पदक जणू आमच्याच घरात ठेवलेलं असावं अशा स्वरात वडील ते सांगत. एरवी त्यांचा नियम असा, की सिनेमा देवाचा, संताचा किंवा शिवाजीमहाराजांचा असेल तर जा, नाही तर नाही. दादा कोंडक्यांचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. त्यामुळे ‘पांडू हवालदार’ मी कनातीच्या भोकातून पाहिला. ‘शोले’ तर पडद्याच्या मागे उभं राहून. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. नावं वाचता येत नाहीत. गब्बरसिंग डावखुरा नाही हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्या ‘शोले’च्या रात्री आमच्या एका सरांनी मला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर छड्या दिल्या. डोक्यावरून शाल घेऊन ते स्वतः पहिल्या खेळाला बाकड्यावर बसले होते, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. आज मी मुख्याध्यापक आहे. शाळा बुडवून कुठे गेलेली पोरं सापडली की मी आधी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहतो, मग बोलतो.

देवाच्या सिनेमाला मात्र सगळ्यांना मुभा. आणि तिथे आमची ती दुभाष्याची पद्धत चालायची. मराठी सिनेमा असला की आई अक्काला सांगायची, कानडी असला की अक्का आईला. मध्ये मी. म्हणजे प्रत्येक वाक्य माझ्या डोक्यावरून जायचं, दोन्ही अर्थांनी. दोघींच्या भाषांतराची तऱ्हा न्यारी. आई सांगताना स्वतःचं मत मिसळायची: “तो म्हणतोय मी घर सोडून जातो. जाईल कुठं मुडदा, चार दिवसांत येतोय बघ परत.” अक्काचं उलट. पडद्यावर राजकुमार पाच मिनिटं गहिवरून बोलले तरी आईने “एनंतान?” विचारल्यावर अक्का सांगायची, “नको म्हणतोय.” संपलं. एवढं लांबलचक बोलून नुसतं ‘नको’? आईला ते पटायचं नाही. ती माझ्याकडे बघायची. मी अक्काकडे बघायचो. अशी दोन-तीन वर्षं गेली, आणि कधी तरी अक्काच्या आधी मीच आईला सांगायला लागलो. मला कानडी येतंय असं मला वाटत नव्हतं. मला सिनेमा कळतोय एवढंच वाटत होतं. हिंदी सिनेमाला दोघीही गप्प बसत. बायकांच्या बाजूला तेव्हा बांगड्यांचाच काय तो आवाज.

मराठी सिनेमात सुलोचनाबाई असल्या की बायकांची बाजू गच्च. त्याचं कारण नुसतं ‘वहिनींच्या बांगड्या’ किंवा ‘मोलकरीण’ नव्हे. त्या आमच्या भागातल्या, चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. लाटकर हे आडनावच त्या गावावरून आलेलं. ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये त्या जिजाऊ झाल्या आणि आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीने पडद्याला हात जोडले, ते जिजाऊंना की खडकलाटला हे तिलाच ठाऊक. २०२३ च्या जूनमध्ये त्या वारल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेच्या फळ्यावर त्यांचं नाव आणि गाव लिहिलं. दहावीच्या वर्गातल्या एकाही मुलाला दोन्हींचा संबंध माहीत नव्हता. असो.

१९७६ च्या पावसाळ्यात अक्काची मुलगी गेली. दहा महिन्यांची होती. तीन दिवस ताप, निपाणीच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं ते तसंच. मला त्यातलं फार आठवत नाही. पाळणा माळ्यावर चढवताना दोरी कडीत अडकली आणि मामा ती कितीतरी वेळ सोडवत राहिले, ते आठवतं. त्यानंतर भिंतीतल्या कोनाड्यातून आमची वाटी जायची आणि धुऊन रिकामी परत यायची. अक्का कुठे जात नव्हती. गौरीला आली नाही, दसऱ्याला सोनं द्यायला आली नाही.

त्या हिवाळ्यात तंबू आला आणि ‘भक्त कुंभार’ लागला. हा १९७४ चा कानडी चित्रपट; आमच्या माळावर पोचायला नव्या सिनेमाला दोन-तीन वर्षं लागायचीच. राजकुमार गोरा कुंभाराच्या भूमिकेत. म्हणजे आपले तेरचे गोरोबाकाका, नामदेवाच्या डोक्यावर थापटून मडकं कच्चं म्हणणारे. भाषा कानडी, पण कथा पंढरपूरची. विठ्ठलाला आपल्या संतांनीच कानडा म्हटलंय, तेव्हा यात नवल मानायचं कारण नाही. आमच्या गावात तर कुणीच मानलं नाही. वडिलांनी विचारायच्या आधीच परवानगी दिली.

आई अक्काच्या मागे लागली. चार दिवस लागली होती. “देवाचा आहे, चला. वारीला गेल्यासारखं होईल.” शेवटी मामांनीच तिला सांगितलं, जाऊन ये. अक्का आली. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन आईच्या पलीकडे बसली. त्या दिवशी मी मध्ये नव्हतो, कडेला होतो.

गंमत म्हणजे त्या रात्री आईने एकदाही “एनंतान?” विचारलं नाही. कथा तिला कीर्तनातून पाठ होती. उलट तीच अक्काला पुढचं सांगत होती, “आता बघ, हा नामस्मरणात रमणार,” “ही त्याची बायको, संती.” कानडी सिनेमा मराठी बाई कानडी बाईला समजावून सांगतेय, आणि अक्का नुसती मान हलवतेय.

गोरोबा विठ्ठलाच्या नावात दंग होऊन चिखल तुडवतो आणि रांगत आलेलं त्याचं मूल पायाखाली येतं, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होती. पण ऐकणं वेगळं आणि तंबूभर पसरलेल्या पडद्यावर ते मूल बघणं वेगळं. बायकांच्या बाजूला कुणीतरी “अगो बाई” म्हणालं. मग एकदम सगळं गप्प. इंजिनाचा आवाज तेवढा. अक्का उठली. रडली नाही, काही बोलली नाही. बसलेल्या बायकांच्या मधून पाय ठेवायला जागा शोधत कडेपर्यंत गेली, कनात उचलली आणि बाहेर गेली. आई तिच्या मागे.

मी उठलो नाही.

हे लिहिताना आजही हात थोडा अडतो. मी पुरुष माणूस म्हणून सोबतीला आलो होतो आणि कंदील माझ्याजवळ होता. दोघी अंधारात बाहेर गेल्या होत्या. पण मला शेवट बघायचा होता. नऊ वर्षांचा होतो हे खरं. कारण म्हणून मी ते अनेकदा स्वतःला सांगितलंय. मध्ये दोनदा दिवे लागले. दोन्ही वेळा जाता आलं असतं.

सांगायला कुणी नव्हतं, तरी पुढचा सगळा सिनेमा मला कळला. गोरोबा आपले हात तोडतो, पुढे पंढरीला जातो, विठ्ठल त्याचे हात परत देतो आणि मूलही परत येतं. तेव्हा पुढच्या जमिनीवरच्या माणसांनी पडद्यावर नाणी फेकली. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. विठ्ठल विठ्ठल असा गजर झाला, तो कानडीत झाला की मराठीत हे कुणाला सांगता येईल?

बाहेर आलो. शेंगदाणेवाल्याच्या बत्तीच्या उजेडात एका दगडावर दोघी बसल्या होत्या. आईच्या हातात शेंगांची पुडी होती, न सोडलेली. मला बघून आई उठली, रागावली नाही. आम्ही चालायला लागलो. मी पुढे, कंदील घेऊन. मारुतीच्या देवळाच्या वळणापर्यंत कुणीच बोललं नाही. मग मागून अक्काचा आवाज आला. आईला नाही, मला विचारलं.

“कूस बंतेन?”

बाळ आलं का?

“बंत, अक्का,” मी म्हणालो. आलं.

थोडी पावलं पुढे गेल्यावर ती म्हणाली, “चलो आतु.” बरं झालं.

आईने मला या रात्रीबद्दल कधी काही विचारलं नाही. मी बी.एड. होऊन नोकरीला लागल्यावर एकदा, गहू निवडता निवडता, आपणहून म्हणाली, “मला ठाऊक होतं रे, मधे ते चिखलाचं येतंय ते. पण मला वाटलं, शेवटी मूल परत येतंय, तेवढंच तिला बरं वाटंल. शेवटापातूर बसंल असं वाटलं.” आणि गव्हाचं सूप पाखडायला घेतलं. मी तिला सांगणार होतो, की अक्काने शेवट विचारला होता. मग लक्षात आलं, आई तेव्हा माझ्या मागे दोन पावलांवरच होती. तिने ऐकलं होतं. पण ते तीन शब्दांचं बोलणं कानडीत झालं होतं. तिला ते कळलं होतं की नाही, हे मी त्या दिवशीही विचारलं नाही.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात आपल्या सीमाभागात आंदोलन पेटलं. बेळगावकडे गोळीबार झाला, माणसं गेली. मी एकोणीस वर्षांचा, बी.ए.ला. मोर्चात होतो, घोषणा दिल्या, आणि मातृभाषेत शिकण्याचा हक्क मागण्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण त्याच आठवड्यात रस्त्यात कुणीतरी एसटीवर दगड मारला आणि काच फुटून मामांच्या कपाळाला लागली. चार टाके. दगड मारणारे आम्ही नव्हतो, दुसऱ्या गावचे होते. हे मी भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं तेव्हा मामा पेपर वाचत राहिले. अक्काने ताक दिलं. मामा वडिलांशी दोन-तीन महिने बोलले नाहीत. वडीलही हट्टी, तेही बोलले नाहीत. कोनाड्यातून वाट्या मात्र जातयेत राहिल्या. बायकांचं खातं वेगळं होतं. पुढच्या वर्षी मामांची बदली झाली आणि ते चिकोडीला राहायला गेले. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात कोनाडा सिमेंटने बुजवला. त्याचंही बरोबर आहे. त्यातून उंदीर येत.

तंबू त्याच सुमाराला बंद झाला. आधी टीव्ही, मग व्हिडिओ. माळावर आता पेट्रोलपंप आहे.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने चिकोडीला गेलो, तेव्हा अक्काकडे गेलो. मामा जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या आधी आईही गेली. अक्का ऐंशीच्या घरात आहे, कानाने कमी ऐकते. आता मराठी अस्खलित बोलते, आमच्या बायका बोलतात तसंच, ‘मी येतो, मी जातो’ म्हणते. माझी मुलगी सोबत होती. बोलता बोलता तंबूचा विषय निघाला आणि तिने मोबाइलवर ‘भक्त कुंभार’ शोधून काढला. हल्लीच्या मुलांना वाटतं, आठवण निघाली की ती लगेच दाखवलीच पाहिजे. मी तिला डोळ्याने खुणावत होतो. तिला कळलं नाही. अक्का म्हणाली, “राजकुमार काय? बघू की.”

मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. अक्काला ऐकू येईना. ती माझ्या बाजूला कलून विचारायला लागली, मराठीत, “काय म्हणतोय रे?” आणि मी तिच्या कानाशी मोठ्याने, तिच्याच भाषेतलं तिला मराठीत सांगायला लागलो. मुलगी हसत होती. चिखलाचा प्रसंग जवळ आला तसं मी पुढे सरकवायला बोट नेलं. अक्काने माझं मनगट धरलं.

“राहू दे.”

तिने पाहिलं. पापणी न हलवता पाहिलं. मनगट धरलेलंच होतं. नंतर काही विचारलं नाही, आणि पुढच्या एका गाण्यात तिची मान कलली; झोप लागली. मी आवाज बारीक केला. बंद करवेना. पंढरपूर आलं, गजर झाला, मूल आलं, तेव्हा ती भिंतीला टेकून शांत घोरत होती. मुलगी आत सुनेशी गप्पा मारायला गेली होती.

पडदा काळा झाल्यावर तिने डोळे उघडले.

“संपला काय?”

“संपला.”

“मग चहा ठेवायला सांगतो,” ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली.